तीन पावत्या, बारा ओळी

एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांमधून अहवाल काढला की त्यात तीच नोंद दोनदा, चारदा, कधी बारा वेळा उमटते. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या बहुतेक कचेऱ्यांना हे दुखणे ओळखीचे असते, मग ती पतसंस्था असो, दवाखाना असो की गृहनिर्माण सोसायटी. पहिला संशय नोंदी करणाऱ्यावर जातो. कोणीतरी तीच पावती दोनदा चढवली असणार, असे गृहीत धरले जाते. क्वचित ते खरेही निघते. पण पुष्कळदा मूळ तक्त्यात प्रत्येक नोंद एकदाच आणि नीट केलेली असते. ओळी वाढतात त्या तक्ते जोडताना, आणि वाढलेली प्रत्येक ओळ आपल्यापुरती खरीच असते. म्हणून जादा ओळी नुसत्या खोडल्या तर अहवाल दिसायला स्वच्छ होतो, हिशेब मात्र चुकलेलाच राहू शकतो.

माहिती एकाच अवाढव्य तक्त्यात न कोंबता लहान लहान तक्त्यांत विभागायची आणि समान क्रमांकांच्या आधारे हवी तेव्हा जोडायची, ही कल्पना एडगर कॉड या इंग्लिश गणितज्ञाने मांडली. कॉड तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांचा निबंध जून १९७० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. या पद्धतीचा मोठा फायदा असा की एक गोष्ट एकाच जागी नोंदली जाते. सभासदाचा फोन नंबर बदलला तर एका ओळीत बदलायचा, त्याच्या प्रत्येक पावतीवर जाऊन नाही. अहवालातल्या वाढीव ओळी ही या सोयीची दुसरी बाजू आहे.

सोसायटीच्या हिशेबात हे स्पष्ट दिसते. सदनिकांचा एक तक्ता असतो. एका सदनिकेचे मालक एकाहून अधिक असू शकतात, म्हणून मालकांचा वेगळा तक्ता. मेंटेनन्सच्या बिलांचा तिसरा, पावत्यांचा चौथा, पार्किंगमधल्या गाड्यांचा पाचवा. प्रत्येकात सदनिकेचा क्रमांक असतो आणि त्यावरून तक्ते जुळवले जातात. या जुळवणीला जॉइन म्हणतात. तिचा नियम एकच: डावीकडची प्रत्येक ओळ उजवीकडच्या जुळणाऱ्या प्रत्येक ओळीशी जोडायची. जुळणारी एक असेल तर एक ओळ मिळते, तीन असतील तर तीन. त्यातली कुठली हवी हे सांगितलेले नसेल तर संगणक आपल्या मनाने निवड करत नाही.

समजा, ३०२ क्रमांकाची सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावावर आहे आणि वर्षभरात त्यांनी ९,००० रुपयांच्या तीन पावत्या घेतल्या आहेत. सचिवांना पावत्यांची यादी हवी आहे, शेजारी मालकाचे नावही हवे आहे. तीन तक्ते जोडले की प्रत्येक पावती एकदा नवऱ्याच्या नावाने येते, एकदा बायकोच्या. तीन पावत्यांच्या सहा ओळी होतात आणि भरलेले २७,००० रुपये बेरजेत ५४,००० दिसतात. पार्किंगचा तक्ताही जोडला आणि घरात एक कार नि एक स्कूटर असली, तर ओळी बारा आणि बेरीज १,०८,०००. ही चूक निदान डोळ्यांना दिसते, कारण नावे आणि गाड्यांचे नंबर ओळीगणिक बदलतात.

न दिसणारी चूक जास्त घातक. सोसायटी दर तिमाहीला ९,००० रुपयांचे बिल काढते, म्हणजे वर्षाची चार बिले मिळून ३६,०००. ३०२ ने भरले २७,०००, थकले ९,०००. थकबाकीचा अहवाल काढायला बिले आणि पावत्या हे दोन तक्ते सदनिका क्रमांकावर जोडले जातात. चार बिलांतले प्रत्येक तिन्ही पावत्यांशी जुळते आणि बारा ओळी तयार होतात. प्रत्येक ओळीत बिलाचे ९,००० आणि पावतीचे ९,०००. बिलांची बेरीज १,०८,०००, पावत्यांची बेरीज १,०८,०००, थकबाकी शून्य. शेवटचा हप्ता बुडवणारा सभासद थकबाकीदारांच्या यादीतून साफ निसटला. बिले पावत्यांच्या संख्येइतकी, म्हणजे तिप्पट झाली. पावत्या बिलांच्या संख्येइतक्या, म्हणजे चौपट झाल्या. आणि रकमा सारख्या असल्यामुळे दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकले. वर्षात एकच हप्ता भरून बाकीचे तीन बुडवणाऱ्यालाही हाच लाभ मिळतो, कारण चार गुणिले एक अशा चार ओळींत दोन्हीकडे ३६,००० येतात. उलट ज्याने वर्षाचे ३६,००० एकाच चेकने भरले त्याची रक्कम चार बिलांपुढे चार वेळा येऊन १,४४,००० होते, आणि सोसायटीच त्याचे १,०८,००० रुपये देणे लागते असे अहवाल सांगतो. असा सभासद सर्वसाधारण सभेत तक्रार करणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

अहवाल बांधणाऱ्यांच्या बोलीत अशा जाळ्यांना नावे आहेत. एका सदनिकेला बिले आणि पावत्या अशा दोन स्वतंत्र शाखा फुटतात, आणि त्या एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एकाच मागणीत, आणल्या की त्यांचा गुणाकार होतो. हा कॅझम ट्रॅप. फॅन ट्रॅपमध्ये एकच साखळी असते. बिलाच्या तक्त्यात एकूण रक्कम ९,०००. बिलाच्या तपशिलाच्या तक्त्यात सेवा शुल्क, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, पार्किंग अशा चार ओळी. तपशील जोडला की एकूण रक्कम चार ओळींवर उमटते आणि तिची बेरीज घेतली तर ३६,००० होते. तपशिलातल्या चार रकमांची बेरीज मात्र बरोबर ९,००० च येते. एकाच अहवालातला एक रकाना बरोबर आणि शेजारचा चूक असेल, तर बहुधा हाच प्रकार असतो.

वाढीव ओळी दिसल्या की सर्वात आधी हात जातो तो डिस्टिंक्ट या शब्दाकडे. क्वेरीत सिलेक्टच्या पुढे तो घातला की हुबेहूब सारख्या ओळींतली एकच उरते. ‘ज्यांच्याकडे गाडी आहे अशा सदनिका’ एवढीच यादी हवी असेल तर तो चालतो. पण ३०२ च्या मालकांच्या यादीत त्याचा काही उपयोग नाही, कारण नावे वेगळी असल्याने ओळी हुबेहूब सारख्या नाहीतच. मग नावाचा रकाना काढून टाकला जातो, ओळी सहाच्या तीन होतात आणि काम झाले असे वाटते. आता ५०४ ची गोष्ट पाहावी. त्या घरातली दोघे ९,००० चा हप्ता अर्धा अर्धा वाटून भरतात: एकाच दिवशी त्याच्या खात्यातून ४,५०० आणि तिच्या खात्यातून ४,५००. अहवालात सदनिका, तारीख आणि रक्कम एवढेच रकाने असतील तर डिस्टिंक्टला या दोन पावत्या एकच वाटतात आणि खरे भरलेले ४,५०० रुपये तो गिळतो. पावती क्रमांकाचा रकाना ठेवला असता तर हे झाले नसते.

बेरजेच्या आत डिस्टिंक्ट घालणे हा याहून वाईट उपाय. तो ओळी वेगळ्या करत नाही, रकमा वेगळ्या करतो. ३०२ च्या बारा ओळींत बिलाची वेगळी रक्कम एकच, ९,०००. पावतीचीही एकच, ९,०००. थकबाकी पुन्हा शून्य. सगळे आकडे निरनिराळे असतील तेव्हा हीच युक्ती योगायोगाने बरोबर उत्तर देते, म्हणूनच ती चाचणीत पास होते आणि प्रत्यक्ष वापरात फसवते.

कॉड यांच्या मूळ मांडणीत तक्ता म्हणजे गणितातला संच होता, आणि संचात तीच गोष्ट दोनदा नसते. त्यांचेच सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा जाहीर केली, आणि जी पुढे एसक्यूएल झाली, तिने हा नियम सैल केला. सारख्या ओळी शोधून काढायच्या म्हणजे त्या सगळ्या आधी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, बहुधा क्रमाने लावाव्या लागतात, आणि त्याला वेळ जातो. म्हणून ते काम मागितल्याशिवाय करायचे नाही असे ठरले. कॉड यांना ही सूट कधीच पटली नाही. गंमत अशी की याच भाषेत दोन याद्या एकाखाली एक जोडणारा युनियन हा आदेश उलटा वागतो. तो न सांगता सारख्या ओळी काढून टाकतो. त्या ठेवायच्या असतील तर युनियन ऑल म्हणावे लागते. रोखीच्या आणि बँकेच्या पावत्यांची एकत्र यादी करताना नुसते युनियन वापरले तर ५०४ वर तीच आपत्ती येते, या वेळी डिस्टिंक्ट न लिहिताही.

निदानाची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. सगळे जॉइन काढून फक्त पहिला तक्ता ठेवायचा आणि ओळी मोजायच्या. मग एकेक तक्ता जोडत जायचे आणि प्रत्येक वेळी मोजायच्या. ज्या तक्त्यापाशी आकडा अपेक्षेपेक्षा उडी मारतो, तिथे गुन्हेगार सापडतो. नंतर एकच सदनिका निवडून तिच्यापुरत्या ओळी सगळ्या रकान्यांसकट बघायच्या. अहवालात हुबेहूब सारख्या वाटणाऱ्या ओळी इथे कुठल्यातरी रकान्यात वेगळ्या दिसतात: मालकाचा क्रमांक, गाडीचा नंबर, बदलाची तारीख. तो रकाना ज्या तक्त्याचा, तोच ओळी वाढवतो आहे.

या तपासणीत निराळीच एखादी चूक हाती लागते. सोसायटीत ए आणि बी अशा दोन विंग असतील तर ३०२ नावाच्या सदनिकाही दोन असतात. जॉइनमध्ये फक्त क्रमांक जुळवला आणि विंग विसरली, तर ए विंगच्या पावत्या बी विंगच्या मालकापुढेही लागतात. इथे ओळी दुप्पट होतातच, शिवाय एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात दिसतात. इलाज एवढाच की ज्या रकान्यांनी मिळून ओळख पटते ते सगळे जॉइनच्या अटीत यायला हवेत. इतिहास जपणारे तक्तेही असेच वागतात. सदनिका विकली गेली, नव्या मालकाची नोंद झाली, जुन्याची तशीच राहिली. ते योग्यच आहे, कारण जुन्या पावत्या त्याच्या नावावर आहेत. पण आजच्या यादीसाठी मालकीची अखेरची तारीख रिकामी असलेली ओळच घ्यायची, ही अट क्वेरीत घालावी लागते.

दुरुस्ती करण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे लागते: या अहवालातली एक ओळ म्हणजे नेमके काय? एक सदनिका, एक पावती, एक मालक, की एका सदनिकेची एक तिमाही? डेटा वेअरहाऊसच्या क्षेत्रातले प्रसिद्ध लेखक राल्फ किम्बॉल यांनी ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ या १९९६ च्या पुस्तकातून या गोष्टीवर भर दिला. हे ठरले नसेल तर कुठली ओळ जादा आहे हेच सांगता येत नाही. पावत्यांच्या यादीत ३०२ तीनदा येणे बरोबर आहे, थकबाकीच्या यादीत ती दोनदा आली तरी चूक आहे. पुष्कळ भांडणे अशी असतात की खजिनदाराला एक ओळ म्हणजे सदनिका वाटते आणि क्वेरी लिहिणाऱ्याला पावती.

ओळीचा अर्थ ठरला की बाकीचे तक्ते त्या पातळीवर आणून मगच जोडायचे. थकबाकीच्या अहवालात एक ओळ म्हणजे एक सदनिका. म्हणून आधी बिलांच्या तक्त्यात ग्रुप बायने सदनिकानिहाय बेरीज करायची. ३०२ समोर एकच ओळ राहते, ३६,०००. पावत्यांचीही स्वतंत्र बेरीज करायची, २७,०००. या दोन आटोपशीर याद्या सदनिकांच्या तक्त्याला जोडल्या की एकास एक ओळ जुळते आणि थकबाकी ९,००० येते. क्वेरी लांबते, पण आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. बेरीज आधी, जॉइन नंतर हा क्रम पाळला तर कॅझम ट्रॅपचा प्रश्न उरतच नाही. फॅन ट्रॅपमध्ये तर बेरीज तपशिलाच्या पातळीवरूनच घेतली की पुरते.

मात्र ही दुरुस्ती करताना नवा खड्डा खणला जाऊ शकतो. साधा जॉइन दोन्हीकडे जुळणारी नोंद असेल तरच ओळ देतो. ज्या सदनिकेने वर्षभरात दमडीही भरली नाही तिची पावत्यांत नोंदच नसते, आणि मग ती अहवालातून पुरती नाहीशी होते. थकबाकीच्या यादीत सर्वात मोठा थकबाकीदारच नसावा, यासारखा विनोद नाही. त्यासाठी सदनिकांच्या तक्त्यापासून लेफ्ट जॉइन करायचा, म्हणजे पावती नसली तरी ओळ राहते. पावतीच्या जागी येणाऱ्या रिकाम्या किमतीला शून्य समजायला सांगावे लागते, नाहीतर वजाबाकीचे उत्तरही रिकामेच येते.

काही वेळा दुसऱ्या तक्त्यातले काहीच छापायचे नसते, फक्त नोंद आहे की नाही एवढेच तपासायचे असते. गाडी असलेल्या सदनिका हव्यात, पण गाडीचा नंबर नको. तिथे जॉइन मुळात करूच नये. एक्झिस्ट्स ही अट घातली की पहिली जुळणारी नोंद सापडताच काम भागते आणि ओळी वाढायचा प्रश्नच येत नाही. उलट दोन्ही मालकांची नावे हवीच असतील तर ती स्वल्पविरामाने जोडून एकाच चौकटीत आणता येतात. त्यासाठीचा आदेश पोस्टग्रेसमध्ये स्ट्रिंग ॲग, मायएसक्यूएलमध्ये ग्रुप कॉन्कॅट आणि ओरॅकलमध्ये लिस्ट ॲग या नावाने मिळतो.

शेवटची पावती तेवढी हवी, हीही नेहमीची मागणी. केवळ सर्वात मोठी तारीख शोधून ती परत जोडली तर ५०४ च्या एकाच दिवशीच्या दोन पावत्या दोन्ही येतात. इथे रो नंबर हे विंडो फंक्शन चांगले. प्रत्येक सदनिकेच्या पावत्या तारखेने आणि तारीख सारखी असेल तर पावती क्रमांकाने उतरत्या क्रमात लावायच्या, त्यांना १, २, ३ असे अनुक्रमांक द्यायचे आणि १ क्रमांकाची ओळ ठेवायची. ही सोय २००३ च्या एसक्यूएल मानकापासून आहे, पण मायएसक्यूएलमध्ये ती २०१८ च्या ८.० आवृत्तीत आली. त्याआधीच्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रणालींत तेच काम पोटक्वेरीने करावे लागते.

क्वेरी न लिहिता तयार साधनांनी अहवाल बांधणाऱ्यांची अडचण निराळी असते. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये सारखी किंमत पुन्हा छापू नये अशी सूचना देता येते, पण ती फक्त छपाईपुरती आहे. लपलेल्या ओळी खाली बेरजेत मोजल्या जातातच, आणि कागदावर तीन पावत्या नि त्यांची बेरीज ५४,००० असा चमत्कार दिसतो. ॲक्सेसमध्ये क्वेरीच्या गुणधर्मांत युनिक व्हॅल्यूज हा पर्याय म्हणजे डिस्टिंक्टच, त्याचे गुणदोष तेच. एक्सेलमधला व्हीलुकअप पहिली जुळणारी नोंद घेऊन थांबतो. त्यामुळे ओळी वाढत नाहीत, पण ३०२ ची तीनपैकी एकच पावती दिसते आणि उरलेल्या दोन्हींचा पत्ता लागत नाही. तिथे सम इफ वापरले तर तिन्हींची बेरीज मिळते. तेच काम पॉवर क्वेरीच्या मर्जने केले तर विस्तार करताना ओळी जॉइनसारख्याच वाढतात. टॅब्लोने २०२० मध्ये तक्ते आधीच एकत्र न करता त्यांच्यातले नाते नोंदवून ठेवण्याची पद्धत आणली; बेरीज ज्या त्या तक्त्याच्या पातळीवर होते. पॉवर बीआयचाही रोख तसाच आहे. या साधनांत नाती नीट जोडली असतील तर वर वर्णन केलेले बरेचसे अपघात टळतात.

मूळ तक्त्यातच नोंद दोनदा झाली असेल तर वरचा कुठलाच उपाय लागू नाही. इंटरनेट रेंगाळले म्हणून सेव्हचे बटण दोनदा दाबले गेले, किंवा बँकेचे स्टेटमेंट दोनदा आयात झाले, तर पावत्या खरोखरच दोन होतात, क्रमांकही दोन. त्या शोधायला सदनिका, तारीख आणि रक्कम यांचे गट पाडून एकाहून अधिक ओळी असलेले गट काढता येतात. पण ५०४ सारख्या खऱ्या जोड्याही त्याच जाळ्यात येतात, म्हणून त्या ओळी आपोआप खोडू नयेत; बँकेच्या व्यवहार क्रमांकाशी पडताळून जादा पावती रद्द म्हणून नोंदवावी. पुन्हा असे होऊ नये यासाठी व्यवहार क्रमांकाच्या रकान्यावर युनिकचे बंधन घालायचे. मग तोच व्यवहार दुसऱ्यांदा आत यायला गेला तर डेटाबेसच नकार देतो. विंग आणि सदनिका क्रमांक या जोडीवर असेच बंधन असेल तर सदनिकांची दुबार नोंदही होत नाही.

दुरुस्त झालेला अहवाल छापण्याआधी दोन आकडे ताडून पाहायचे असतात. पावत्यांच्या एकट्या तक्त्यातून, एकही जॉइन न करता, त्या वर्षाची बेरीज काढायची आणि ती अहवालाच्या तळाच्या बेरजेशी जुळते का ते बघायचे. मग अहवालातल्या ओळींची संख्या सोसायटीतल्या सदनिकांच्या संख्येशी. बेरीज जास्त आली तर कुठेतरी गुणाकार शिल्लक आहे. कमी आली तर एकतर लेफ्ट जॉइन राहून गेला आहे किंवा डिस्टिंक्टने काहीतरी गिळले आहे. दोन्ही आकडे जुळले तरी ३०२ आणि ५०४ सारख्या अडचणीच्या चार-दोन सदनिकांचा हिशेब हाताने करून बघावा, कारण एकीकडची वाढ आणि दुसरीकडची गळती मिळून एकूण बेरीज बरोबर येऊ शकते.